एका लिफ्टपुरता दोर

दोन सख्ख्या बहिणींचे दोन नवरे, म्हणजे एकमेकांचे साडू, आणि दोघांचा मिळून लिफ्ट दुरुस्तीचा धंदा. मोठ्या बहिणीचा नवरा तो थोरले, लहानीचा तो धाकटे. ही नावं सासूबाईंनी पाडली आणि पुढे फिटरांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसली. दिसायला मात्र उलटा कारभार होता. थोरले अंगाने काडी, शर्टाची कॉलर मानेभोवती गोल फिरायची. धाकटे दारातून आत आले की खोलीतला उजेड कमी व्हायचा. कामाची वाटणीही तशीच. गिऱ्हाइकं, करार, बिलं आणि सह्या थोरल्यांकडे. माल, माणसं आणि प्रत्यक्ष लिफ्ट धाकट्यांकडे.

थोरले जन्माचे भित्रे. एवढी वर्षं लिफ्टवर पोट भरूनही ते चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यानेच जायचे आणि कुणी विचारलं तर डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणायचे. धाकटे चारचौघांत त्यांची टर उडवायचे. "आमच्या दादांचं पोट लिफ्टवर आणि विश्वास जिन्यावर." थोरलेही हसायचे. भिणाऱ्या माणसाला आपला एक न भिणारा माणूस जवळ लागतो. तो घरातच मिळाला, याचं त्यांना मनातून समाधान होतं.

एके दिवशी बँकेच्या रांगेत त्यांना दोरवाला भेटला. लिफ्टला लागणाऱ्या तारेच्या दोरांचा हा व्यापारी, बोलघेवडा माणूस. त्याने मागून खांद्यावर हात ठेवला.

"काय साहेब, आमच्यावर रुसलात का?"

"छे हो. का?"

"दर पटत नसेल तर बोला की. पूर्वी महिन्याआड तुमची गाडी दारात असायची. या अख्ख्या वर्षात एकदाच माल नेलात, तोही एका लिफ्टपुरता."

थोरले म्हणाले, "बघतो, बोलतो त्यांच्याशी." रांग पुढे सरकली, पण ते जागचे हलले नाहीत. मागच्याने दोनदा हटकलं, तेव्हा ते रांग सोडून बाहेर आले आणि बँकेच्या पायरीवरच बसले.

लिफ्ट अंगठ्याएवढ्या जाड चार दोरांवर टांगलेली असते. दोर झिजले, त्यांच्या तारा तुटायला लागल्या, की चारही बदलायचे असतात. या वर्षात आठ इमारतींचे दोर बदलल्याची बिलं थोरल्यांनी स्वतः पाठवली होती. इमारतींनी बिनबोभाट पैसे भरले, आणि धाकट्यांनी ते मालासाठी म्हणून कंपनीतून उचलले. प्रत्येक इमारतीला एक दाखला दिला होता, दोर बदलले, लिफ्ट सुरक्षित आहे असा. त्याच्याखाली सही थोरल्यांची. त्यांची सही वळणदार होती, तिचा त्यांना अभिमान होता. आज ती आठ वेळा डोळ्यांसमोर आली.

एका लिफ्टचा माल घेतला, तर बाकी सात लिफ्ट कशावर लोंबकळताहेत?

त्यांनी स्वतःची समजूत घालून पाहिली. माल दुसरीकडून घेत असेल. स्वस्त मिळत असेल. सांगायचं राहिलं असेल. संध्याकाळपर्यंत ते हेच घोकत राहिले. रस्त्याने जाताना एखाद्या इमारतीच्या दारातून लिफ्टचा जाळीदार दरवाजा सरकल्याचा आवाज आला, की मात्र हे घोकणं तुटायचं आणि ते नकळत श्वास धरायचे. वर गेलेली खाली आली का, एवढं कळेपर्यंत पाय पुढे पडायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपमध्ये गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची जुनी खोड. आधी हवेचं बोलले, मग एका फिटरच्या रजेचं, आणि मग म्हणाले, "दोर हल्ली कुठून आणतोस रे?"

धाकटे ग्रीसच्या चिंधीने हात पुसत होते. हात थांबला.

"का?"

"काही नाही. सहज."

"सहज म्हणून तुम्ही दोराचं कधी विचारलं नाहीत, दादा." धाकटे हसले, पण हसू गालापर्यंतच आलं. "बँकेत दोरवाला भेटला होता ना तुम्हाला?"

आपण कुणाला भेटलो हे याला कसं कळलं, हे विचारायचंही थोरल्यांना धैर्य झालं नाही.

"तोच सांगत होता, तुमचे साहेब रांग सोडून निघून गेले म्हणून," धाकटे चिंधीची घडी घालत म्हणाले. "दुसरीकडून आणतो मी माल. स्वस्त पडतो. पण तुमच्या मनात आलंय ना, मग नुसतं बोलून जायचं नाही ते. चला, उद्या दवाखान्यांच्या इमारतीत दाखवतो. लिफ्टच्या टपावर उभं राहून बघा स्वतःच्या डोळ्यांनी. एवढी वर्षं झाली, कधी वर आला नाहीत तुम्ही."

नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "भात चिवडताय नुसता. काय झालं?"

"उद्या त्याच्याबरोबर लिफ्टवर जायचंय. कामाचं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सगळं नाही, पण अर्धंमुर्धं त्यांनी सांगितलं. तिने भाताचं पातेलं झाकलं. मग म्हणाली, "माझ्या बहिणीचा संसार आहे हो तो. नीट बघा, मगच बोला." आणि ताट उचलून आत जाता जाता म्हणाली, "आणि जपून जा."

हे 'जपून' तिने कोणाच्या भीतीने म्हटलं, लिफ्टच्या की माणसाच्या, ते थोरल्यांनी विचारलं नाही.

दवाखान्यांची इमारत नऊ मजल्यांची. खाली औषधांचं दुकान, वर दातांचे, डोळ्यांचे, हाडांचे डॉक्टर. धाकट्यांनी लिफ्ट आठव्या मजल्यावर थांबवली आणि नवव्या मजल्याचं दार खास किल्लीने उघडलं. दारापलीकडे मजला नव्हता. अंधाराची विहीर होती आणि पावलाएवढं खाली लिफ्टचं टप, ग्रीसने काळं झालेलं. आतून तेलाचा आणि कोंदट गार हवेचा वास आला.

"या, दादा. हात द्या."

तो हात मोठा आणि गरम होता. थोरले उतरले आणि टपाच्या मधल्या लोखंडी पट्टीला चिकटून उभे राहिले. धाकट्यांनी दार ओढून घेतलं. आता उजेड फक्त त्यांच्या हातातल्या विजेरीचा. टपावरच्या डबीत बटणं होती, त्यातलं एक त्यांनी दाबलं, आणि पायाखालचं लोखंड हलकेच खाली निघालं.

थोरल्यांनी डोळे मिटले. मग मिटलेले डोळे जास्त घाबरवतात म्हणून उघडले. भिंती वर सरकत होत्या. एका दाराच्या फटीतून डॉक्टरांच्या खोलीतलं बोलणं ऐकू आलं, कुणीतरी 'आ करा' म्हणत होतं, आणि तेही वर निघून गेलं. आपण इथे आहोत हे या माणसाखेरीज कुणाला माहीत नाही, असं त्यांच्या मनात आलं. बायकोला माहीत आहे. पण तिला काय सांगतील? पाय घसरला म्हणून सांगतील. भित्रा माणूस, चक्कर आली म्हणतील, आणि सगळ्यांना ते पटेल.

"हे बघा दोर," धाकटे म्हणाले आणि विजेरीचा झोत वर टाकला. चार काळे, तेलकट दोर वर अंधारात गेले होते. "नवे असेच दिसतात. तेल लावलेले."

"हो," थोरले म्हणाले. त्यांना नव्यातलं आणि जुन्यातलं काय कळत होतं?

धाकट्यांनी बटण सोडलं. टप गचका देऊन थांबलं. थोरल्यांचा तोल गेला आणि त्यांनी हाताला येईल ते धरलं. मागच्या भिंतीलगत तेच दोर वरच्या चाकावरून फिरून लिफ्टच्या तोलाचं वजन धरत होते, त्यातला एक हातात आला. घट्ट धरूनही हात जरा घसरला. तळव्यात एकदम आग झाली. सुया टोचाव्यात तशी, एक नाही, ओळीने.

"दोराला हात लावू नका," धाकटे पटकन म्हणाले.

थोरल्यांनी हात विजेरीच्या उजेडात धरला. तळव्यावर तिरपी ओरखड्यांची रांग उठली होती आणि तिच्यातून रक्त येत होतं. त्यांनी दोराकडे पाहिलं. तेलाच्या थरातून तुटलेल्या तारांची टोकं बाहेर आली होती, न दाढी केलेल्या हनुवटीसारखी. टोकांच्या बुडाशी तांबूस गंज होता.

नवा दोर चावत नाही, एवढं त्यांनाही कळलं.

धाकट्यांनी विजेरी खाली केली. खालच्या कुठल्यातरी मजल्यावर कुणी लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होतं.

"पैसे जमिनीत अडकलेत, दादा," ते अखेर म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, म्हणून जास्त भीती वाटली. "शहराबाहेर प्लॉट पडणार होते. ज्याच्याकडे दिले तो आज देतो, उद्या देतो करतोय. आले की सगळे दोर बदलतो. कुणाला कळायच्या आत."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय? चार दोर असतात. एक तुटला तर तीन धरतात. तीन तुटले तरी खाली ब्रेक आहे, तो रुळाला पकडतो. लिफ्ट अशी पडत नसते. सिनेमात पडते."

"तो ब्रेक कधी तपासलास?"

धाकटे एक पाऊल जवळ आले. टप किंचित कलल्यासारखं वाटलं. "मी उभा आहे ना या दोरांवर? माझं वजन तुमच्या दुप्पट. अहो, आईंच्या इमारतीत हेच दोर आहेत. आई रोज खाली बागेत जातात, येतात. आईंचा जीव मी धोक्यात घालीन का?"

थोरल्यांच्या डोळ्यांसमोर सातव्या मजल्यावरच्या सासूबाई उभ्या राहिल्या.

"आणि सही तुमची आहे," धाकटे अगदी हळू, समजावणीच्या सुरात म्हणाले. "बुडायचं झालं तर मी एकटा नाही बुडणार."

थोरले फक्त म्हणाले, "वर घे."

धाकट्यांनी वर घेतलं. नवव्या मजल्यावर थोरले चार पायांवर बाहेर पडले आणि जिन्याने खाली धावत सुटले. तळमजल्यावर पोचले तेव्हा पायाला प्लास्टर घातलेली एक बाई मुलीच्या आधाराने लिफ्टमध्ये शिरत होती. थोरल्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. दार सरकलं आणि ती वर गेली. थोरले रस्त्यावर आले आणि सासूबाईंच्या इमारतीकडे पळत सुटले.

तिथल्या वॉचमनला त्यांनी लिफ्ट खालीच अडवून ठेवायला सांगितली आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची किल्ली घेतली. वर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला होता. खोलीत मोठं चाक होतं आणि चाकावरून चार दोर खाली भोकांत गेले होते. त्यांनी आधी मुख्य बटण बंद केलं, दोनदा खात्री केली. मग खिशातला रुमाल काढून दोराभोवती गुंडाळला, डोळे किलकिले केले आणि ओढला.

रुमाल लोण्यातून ओढावा तसा सरकला. दुसऱ्या दोरावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर तसाच. कुठे धागासुद्धा अडकला नाही. दोर राखाडी आणि चकचकीत होते, चाकाच्या खाचेत नीट बसलेले. कोपऱ्यात जुन्या दोरांची कापलेली भेंडोळी पडली होती, तशीच गंजलेली, तशीच काटेरी.

क्षणभर त्यांना नुसतं हायसं वाटलं. पुढच्याच क्षणी ते तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. दोरवाल्याकडून नेलेला एका लिफ्टपुरता माल इथे होता. धाकटे खोटं बोलले होते, पण उलटं. जुना असून नवा म्हणतात माणसं. यांनी नवा असून जुना सांगितला. का? तर बाकीचे दोर धोक्याचे नाहीत असं भासवायला. ज्या माणसाने सासूसाठी दोर बदलला, त्याला पक्कं माहीत होतं की बाकीच्या सात ठिकाणी काय होऊ शकतं.

सासूबाईंनी दार उघडलं आणि जावयाच्या हाताकडे पाहिलं. "हे काय करून आलात, जावईबापू? बसा आधी." त्यांनी पाणी दिलं, हळद दाबली, फडकं बांधलं. "तुम्हाला लिफ्टच्या कामाला कुणी नेलं? मांजराला पोहायला नेल्यासारखं."

"आई, तुमच्या लिफ्टचे दोर कधी बदलले?"

"झाले की बरेच महिने. धाकट्यांनीच बदलले. त्याआधी आठवडाभर मला खाली जाऊ दिलं नाही हो त्यांनी. रोज यायचे, आई, लिफ्टमध्ये पाऊल टाकू नका म्हणायचे. भाजी, औषधं, सगळं स्वतः वर आणून दिलं. मुलगासुद्धा करणार नाही एवढं." त्या फडक्याची गाठ मारत होत्या. "तुम्ही असे पांढरे का पडलात?"

थोरल्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. तो वाजला. प्लास्टरवाली बाई आता खाली यायला निघाली असेल, हे त्यांना तेव्हा सुचलं.

ते दवाखान्यांच्या इमारतीत परत आले तेव्हा लिफ्ट वर होती. दारावरचा आकडा सातवर थांबलेला. वर जाऊन मुख्य बटण बंद करायचं तर आतली माणसं अडकतील, म्हणून खाली येईपर्यंत थांबणं भाग होतं. सहा. पाच. तिथे ती थांबली. आतून काहीतरी करकरल्याचा आवाज आला, की त्यांना तसा वाटला. चार. त्यांनी भिंतीवर हात टेकले, जणू त्यांच्या हातांनी ती धरून ठेवता येणार होती. शेवटी दार उघडलं आणि एक म्हातारा, त्याची सून आणि औषधांच्या पिशव्या बाहेर आल्या. म्हातारा म्हणाला, "फार हळू चालते हो तुमची लिफ्ट."

थोरल्यांनी आतलं लाल बटण दाबलं, वॉचमनकडून साखळी-कुलूप घेऊन दाराला लावलं आणि औषधांच्या दुकानातून पुठ्ठा मागून त्यावर 'लिफ्ट बंद' असं लिहिलं. हाताला फडकं असल्यामुळे अक्षर वाकडं आलं. लोक जमले. डोळ्यांच्या डॉक्टरांचा माणूस तावातावाने भांडायला आला. "पेशंट काय खांद्यावर नेऊ? परवाच तर दोर बदललेत ना तुम्ही?"

"नाही बदलले," थोरले म्हणाले. "बदलल्याचं खोटं सांगितलं आम्ही. चढू नका."

आवाज इतका बारीक होता की त्यांना तेच पुन्हा सांगावं लागलं.

गर्दीतून वाट काढत धाकटे आले. त्यांना बहुधा वॉचमनने कळवलं होतं. ते थोरल्यांच्या अगदी जवळ उभे राहिले, मध्ये वीतभर अंतर. "साखळीची किल्ली द्या, दादा."

"नाही."

"आपण दोघं रस्त्यावर येऊ. दोन्ही बहिणी रस्त्यावर येतील. किल्ली द्या."

थोरल्यांनी किल्ली असलेली मूठ पाठीमागे धरली, लहान मूल धरतं तशी. त्या मुठीतून ती काढून घ्यायला धाकट्यांना दोन बोटं पुरली असती. "आईंच्या मशीनच्या खोलीतून आलोय मी," ते म्हणाले. "बघितले मी दोर. आठवडाभर भाजी वर नेऊन दिलीस ना त्यांना?"

धाकट्यांचा चेहरा हळूहळू बदलला. फुगलेल्या पिशवीतली हवा जावी तसे खांदे उतरले. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. लोक बोलत होते, फोन लावत होते, त्यांना काही ऐकू येत नसावं. मग ते मान वर न करता म्हणाले, "या लिफ्टला काही झालं नसतं अजून. आधी पाळणाघरवाली बंद करायला हवी होती."

"काय म्हणालास?"

"पाळणाघराच्या इमारतीतली. तिथला एक दोर तुटलाय. मागच्या आठवड्यात काढून टाकला. तीनवर चालवतोय. आणि तो ब्रेकही जाम आहे."

पाळणाघर सहाव्या मजल्यावर होतं. आईबाप मुलांना न्यायला येतात ती वेळ झाली होती.

गाडी धाकट्यांनी चालवली. थोरले तिथल्या वॉचमनला फोन लावत होते. नुसती रिंग वाजत होती. पाळणाघराचा नंबर सारखा गुंतलेला. सिग्नलला गाडी थांबली, पुढे दुधाची गाडी आडवी लागली, कुणीतरी निवांत रस्ता ओलांडत होतं. धाकट्यांचे ओठ हलत होते, पण ते काय पुटपुटताहेत ते कळत नव्हतं. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि ते पुसत नव्हते. इतक्या वर्षांत थोरल्यांनी या माणसाला घाबरलेलं प्रथमच पाहिलं. त्याने त्यांची भीती कमी झाली नाही. ज्याच्या भरवशावर आपण निर्धास्त राहायचो तोच थरथरतोय म्हटल्यावर आता धरायचं कुणाला?

"मला वाटलं, पैसे येतील," धाकटे म्हणाले. "खरंच वाटलं, दादा."

"रस्त्याकडे बघ," थोरले म्हणाले.

इमारतीच्या दारात गर्दी दिसली आणि थोरल्यांनी तोंडावर हात घेतला. पण ती नेहमीचीच गर्दी होती, घरी जायची घाई असलेल्या आयाबापांची. लिफ्ट खाली येऊन उभी होती, दार उघडं, आणि एक बाई आत शिरत होती. धाकट्यांनी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. ती ओरडली. तोवर त्यांनी आत हात घालून लाल बटण दाबलं होतं, आणि लगेच मुख्य वीज तोडायला ते जिन्याने वर पळाले, दोन दोन पायऱ्या एकदम. खाली लोक थोरल्यांवर तुटून पडले. त्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं, जे दवाखान्यात सांगितलं होतं. एक बाप त्यांच्या अंगावर धावून आला आणि दुसऱ्याने त्याला आवरलं.

मुलांना त्या दिवशी जिन्यावरून खाली आणलं. थोरल्यांनीही एक झोपाळलेलं पोर कडेवर घेतलं, कारण त्याची आई अजून यायची होती. पोर जड होतं आणि गरम होतं. उतरताना त्याचा श्वास त्यांच्या मानेवर येत होता. तीन मजले उतरल्यावर थोरल्यांना रडू आलं. त्यांनी ते दाबलं नाही, पुढे पाय टाकत राहिले. लोकांनी त्यांना रडताना पाहिलं, तरी कुणाला त्यांची दया आली नाही, आणि यायचं कारणही नव्हतं.

अंधार पडायच्या आत दोघांनी मिळून उरलेल्या पाचही लिफ्ट बंद केल्या.

पुढे जे व्हायचं ते झालं. इमारतींनी तक्रार केली, दोघांच्या नावाने, कारण दाखल्यावर सही थोरल्यांची होती. चौकशीला त्यांना कित्येकदा बोलावलं. त्या खोलीत लाकडी बाकावर बसून ते आपली वळणदार सही ओळखायचे आणि "हो, माझीच," म्हणायचे. न बघता सही केली, हा गुन्हा नाही असं त्यांचा वकील म्हणाला. थोरल्यांना ते पटलं नाही. धाकट्यांनी मात्र पहिल्याच दिवशी लिहून दिलं की थोरल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बुडायचं तर एकटा बुडणार नाही म्हणणारा माणूस शेवटी एकटाच बुडाला. त्यांना शिक्षा झाली. जमिनीचे पैसे आले नाहीत. वर्कशॉप आणि गाडी विकून, थोरल्यांच्या घरावर कर्ज काढून सातही लिफ्टना दोर घातले, ते दुसऱ्या कंपनीने. पाळणाघराचे जुने दोर उतरवताना त्या कंपनीचा इंजिनियर म्हणाला की उरलेल्या तिनांतला एक हातानेच तुटला. हे त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

दोघी बहिणींनी बरेच दिवस एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. मग एकदा धाकटीच्या मुलीला ताप आला, तेव्हा मोठी न बोलावता तिकडे जाऊन राहिली. तेवढ्यावर ते मिटलं, निदान वरवर.

सासूबाईंना सगळं कळलं ते सगळ्यात शेवटी. एका दुपारी थोरले त्यांची औषधं घेऊन गेले, तेव्हा त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. बागेत जाणं त्यांनी सोडलं होतं.

"त्यांनी माझ्या एकटीचा दोर बदलला," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतात, बघा, सासूवर किती माया. मला खालच्या मजल्यावरच्या बाईच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. तिचा नातू त्या पाळणाघरात जातो."

"तुमचा काय दोष, आई?"

"माझा नाही. पण जावईबापू, त्या दिवशी तुम्हाला कळलं, हात रक्ताळलेला होता, तेव्हा तुम्ही आधी कुठे आलात?"

थोरल्यांनी औषधांची पिशवी खिडकीत ठेवली.

"माझ्याकडेच आलात," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पाणी प्यालात, मी फडकं बांधलं. ती प्लास्टरवाली तेव्हा त्या लिफ्टने वर गेली होती, असं तुम्हीच सांगितलंत मला. मी रागवत नाहीये हो. दोघांनीही मला जपलं. तेवढंच म्हणतेय."

थोडा वेळ बसून थोरले उठले. त्या दिवसापासून त्यांना फोनची धास्ती बसली. फोन घरचा असो की परक्याचा, पलीकडून कुणी नुसतं 'हॅलो' म्हटलं, तरी ते नाव विचारायच्या आधी विचारतात, "सगळे ठीक आहेत ना?"